यादी दुसरी, माणसं तीच

मास्तर आमच्या डायलिसिस सेंटरात पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन, आणि पहिल्याच दिवशी मी मनात म्हटलं, हा माणूस आपलं डोकं खाणार. बायको खुर्चीवर पांढरीफटक पडलेली, आणि हे मला विचारतायत, ही नळी कुठून निघते, ती कुठे जाते, रक्त परत आत कुठून येतं. मी म्हटलं, अहो, तुम्हाला मशीन विकत घ्यायचंय का? तर म्हणाले, समजल्याशिवाय मला इथे बसवणार नाही. मग चार तास पेन्सिलीनं आकृती काढत बसले. आकृती बरोबर निघाली. बावीस वर्षं त्यांनी एका क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवलं होतं आणि तो क्लास नुकताच बंद पडला होता. आम्ही त्यांना मास्तर म्हणायला लागलो आणि बाईंना मास्तरीणबाई.

मी तिथली टेक्निशियन. सोळा वर्षं झाली. सुया टोचायच्या, मशीन लावायचं, चार तास नजर ठेवायची, सुया काढायच्या. माझी जीभ तिखट आहे, हे पेशंट मला तोंडावर सांगतात. आठवड्यातून तीनदा भेटणाऱ्या माणसांशी गोड बोलून कोणाचं भलं झालंय?

आमच्याकडे खुर्च्या आठ. सकाळची पाळी, दुपारची पाळी, आणि बाहेर खुर्चीची वाट बघणाऱ्यांची रांग कायमची. कोणी गेलं की खुर्ची रिकामी होते, एरवी नाही. मास्तरीणबाईंना सुरुवातीला पक्की खुर्ची नव्हती. कोणी आलं नाही तर त्यांना फोन जायचा. एखाद्या आठवड्यात दोनदा, एखाद्यात एकदाच. पाय सुजायचे, धाप लागायची, एकदा तर मास्तरांनी त्यांना दोन्ही हातांवर उचलून आणलं.

त्या काळी आमचा सगळा कारभार वह्यांवर चालायचा. एकाचं वजन दुसऱ्याच्या पानावर, पान सापडलं तर पेन सापडत नाही. मास्तर हे बघत होते. एक दिवस मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, मी तुम्हाला प्रोग्राम करून देतो आणि जन्मभर सांभाळतो, मला काही नको, हिला एक खुर्ची द्या. मॅनेजर म्हणजे उडत्या पाखराची पिसं मोजणारा. लगेच हो म्हणाला. चार नंबरची खुर्ची, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी. कागद नाही, सही नाही, नुसत्या शब्दावर. दोन महिन्यांत बाईंच्या तोंडावर तजेला आला, आणि मग आम्हाला कळलं की त्या मास्तरांच्या दुप्पट बोलतात.

तीन नंबरवर टेलरकाका असायचे. पन्नास वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस. आत आले की वजनकाट्यावर उभे राहायचे आणि मी विचारायच्या आत स्वतःचा आकडा सांगायचे. बाईंची आणि त्यांची चार-चार तास जुंपायची. बाई म्हणायच्या, तुमच्या हातचा ब्लाउज मी एकदा घातला होता, श्वास घ्यायला बाहेर काढावा लागला. काका म्हणायचे, ब्लाउज बरोबर होता, श्वास जास्त होता.

आता आकड्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलंय. ज्याची किडनी काम करत नाही त्याच्या अंगात पाणी साठतं. पाणी सगळं काढल्यावर माणसाचं जे वजन राहायला हवं, त्याला आम्ही ड्राय वेट म्हणतो. ते डॉक्टर ठरवतात. पेशंट आला की वजन करायचं, त्यातून ड्राय वेट वजा करायचं, उरेल तेवढं पाणी मशीननं काढायचं. कमी काढलं तर धाप लागते. जास्त काढलं तर बीपी कोसळतो. टेलरकाकांचं ड्राय वेट बासष्ट किलो. मास्तरांच्या प्रोग्राममध्ये स्क्रीनवर तिन्ही आकडे एका ओळीत यायचे, वजाबाकी करून. कपाटातल्या कागदी फायली आम्ही हळूहळू उघडेनाशा झालो.

बायको मशीनवर झोपली की मास्तर मला शिकवायला बसायचे. खोड जात नाही. मी म्हणायचे, मास्तर, मला सुया टोचू द्या. पण ते सोडायचे नाहीत. एकदा म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये एकाच वस्तूला दोन नावं असू शकतात. एका बाईला घरात आई म्हणतात, ऑफिसात मॅडम म्हणतात. आईला ताप आला तर मॅडमला येईल की नाही? मी म्हटलं, मॅडम रजा टाकेल, आईला कुठली रजा. त्या दिवशी मात्र ते पोट धरून हसले.

नव्या सिस्टर येतात त्यांना प्रोग्राम शिकवायला हवा, आणि खऱ्या यादीवर शिकवलं तर घोटाळा होणार. म्हणून मास्तरांनी एक सरावाची यादी केली. खऱ्या यादीची नक्कल. बटण दाबलं की वर पिवळी पट्टी यायची, 'सराव' अशी, आणि तिथे काय वाटेल तो धुडगूस घाला. त्यांनी ते आमच्यासमोर तीनदा तपासून दाखवलं. सरावाच्या यादीत एक खोटा पेशंट घातला, खरी यादी उघडली, तो तिथे नव्हता. मग सरावाच्या यादीतून सगळ्यांना काढून टाकलं, खरी यादी उघडली, सगळे जागच्या जागी. टेलरकाका पलीकडून म्हणाले, मास्तर, मला मारलंत आणि जिवंतही केलंत. पाच महिने दोन-तीन मुली त्याच्यावर शिकल्या, पेशंटची नावं घालणं आणि काढणं. सगळं सुरळीत चाललं.

मग नवी आली. बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी, सांगितलेलं सगळं एका छोट्या वहीत लिहून घेणारी. तोवर ड्राय वेट बदलण्याचं काम फक्त मोठे डॉक्टर करायचे. आता ठरलं की डॉक्टरांनी सांगायचं आणि सिस्टरनं भरायचं. म्हणून शनिवारी दुपारी मास्तरांनी तिला पिवळ्या पट्टीखाली तेही शिकवलं. म्हणाले, कोणाचंही उघड आणि आकडा बदल. तिनं तीन नंबर उघडला, बासष्टचं साडेसाठ केलं. शाब्बास, म्हणाले आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी टेलरकाका काट्यावर चढले. साडेचौसष्ट. दोन दिवसांची सुट्टी पडलेली, पाणी जास्त असणारच. म्हणाले, अडीच लिटर काढ. मी स्क्रीन बघितली. ड्राय वेट साडेसाठ, काढायचं पाणी चार लिटर. चार म्हणजे खूप, पण अशक्य नाही. डॉक्टर कधीकधी ड्राय वेट उतरवतात.

"पोरी, माझं बासष्ट आहे," काका म्हणाले.

"काका, तुमचं शिवणकाम तुमच्याकडे, माझं मशीन माझ्याकडे. डॉक्टरांनी कमी केलं असेल."

हे मी बोलले. कपाट माझ्यापासून सहा पावलांवर होतं. त्यातल्या फायलीत डॉक्टरांच्या अक्षरात बासष्ट लिहिलेलं होतं. मी उठले नाही.

तिसऱ्या तासाला त्यांच्या पिंढऱ्यांत गोळे आले. मग घाम फुटला. मी पाणी काढणं थांबवलं, खुर्ची आडवी केली, सलाईन सोडलं, डॉक्टरांना ओरडून बोलावलं. बीपी मिळेना. त्यांचं हृदय आधीच अशक्त होतं. पाऊण तास आम्ही छातीवर दाब देत होतो, आणि शेजारच्या खुर्चीवर मास्तरीणबाई, हाताला दोन सुया टोचलेल्या, हलता येत नाही, तोंड फिरवून बसल्या होत्या. काका त्या खुर्चीवरच गेले.

मंगळवारी मॅनेजरनं प्रोग्राम बघितला. प्रत्येक पेशंटच्या पानावर ड्राय वेट शेवटचं कोणी बदललं, कधी बदललं, ते खाली येतं. टेलरकाकांच्या पानावर नवीचं नाव होतं. शनिवार, दुपार. झालं. पोरगी रडून सांगत होती, मी सरावातच होते, पिवळी पट्टी होती. मॅनेजर म्हणाला, सरावाची यादी वेगळी आहे, मास्तरांनी स्वतः केली आहे, तू खरी उघडलीस आणि आता पट्टीचं नाव सांगतेस. शुक्रवारी चौकशी ठरली. तिचा परवाना जाणार, पोलिसांतही द्यावं लागेल, असं बोलणं सुरू झालं. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा तिला दोन शब्द असे लावले की कुत्रं खाणार नाही. तिच्यावर खापर फुटलं की माझी ती सहा पावलं कोणी मोजणार नव्हतं.

बुधवारी मास्तर बायकोला घेऊन आले. तीन नंबरच्या खुर्चीवर नवा पेशंट होता. मास्तर कॉम्प्युटरसमोर बसले आणि अर्ध्या तासानं मला मशीनचं पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या खोलीत बोलावलं. तिथे पंपाचा आवाज असतो, बाहेर ऐकू जात नाही. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. टेलरकाका गेले तेव्हा मला जसं झालं होतं, तसं त्यांना आत्ता झालेलं दिसत होतं.

"ती पोरगी खरं बोलतेय," ते म्हणाले. "सरावातच होती ती."

मी म्हटलं, मग आकडा खऱ्या यादीत गेला कसा? यादी वेगळी होती ना?

"यादी वेगळी होती, अगं. पण यादीत पेशंट नसतो. यादीत नुसती चिठ्ठी असते, की ह्याचं पान अमक्या खणात आहे. मी यादी उतरवून घेतली. चिठ्ठ्या दोन झाल्या, पान एकच राहिलं. पिवळ्या पट्टीखाली ती ज्या पानावर लिहीत होती, ते खरंच पान होतं."

मी म्हटलं, आमच्यासमोर तपासलंत की तीनदा. तर म्हणाले, मी चिठ्ठ्या घातल्या आणि चिठ्ठ्या काढल्या. ह्या यादीतली चिठ्ठी फाडली तरी त्या यादीतली राहतेच, म्हणून सगळं बरोबर दिसलं. पान उघडून आत लिहून मी एकदाही बघितलं नाही. प्रत्येक पानाची वेगळी नक्कल करायला हवी होती. फार नाही, दोन ओळींचं काम. नुसते आकडे असते यादीत, तर अशी नक्कल चालली असती. माणसांची पानं होती.

मग भिंतीला टेकून ते म्हणाले, "ह्या एका प्रश्नावर दरवर्षी माझा निम्मा वर्ग चुकायचा, आणि मी त्यांना उभं करायचो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दोन ओळी त्यांनी घालून टाकल्या होत्या, पुन्हा कोणाला इजा होऊ नये म्हणून. आधीचा प्रोग्राम कसा होता हे आता त्यांच्याशिवाय कोणालाच कळणार नव्हतं. आमच्याकडे ते वाचणारं दुसरं होतं कोण?

मी काय म्हटलं ते सांगते, लपवत नाही. मी म्हटलं, मास्तर, गप्प बसा. ती बावीस वर्षांची आहे, हातपाय धड आहेत, दुसरं काहीतरी करील. मास्तरीणबाईंना दुसरी खुर्ची मिळायची नाही. तुम्ही तोंड उघडलंत की मॅनेजर तुम्हाला त्याच दिवशी बाहेर काढेल, आणि खुर्ची तुमच्या कामावर मिळालेली आहे. जवळचं दुसरं सेंटर तीन तासांवर, आणि तिथेही रांग. सगळं समजत होतं मला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतोय हेही समजत होतं. संन्यासी मला परवडत होता.

मास्तर बाहेर गेले. बाईंची वेळ संपली, त्यांना हात देऊन घेऊन गेले.

शुक्रवारी चौकशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत झाली. मी साक्षीला. नवी कोपऱ्यात, मांडीवर तीच छोटी वही. पलीकडच्या हॉलमध्ये मास्तरीणबाई मशीनवर. मॅनेजरनं नवीचं नाव वाचायला सुरुवात केली तेवढ्यात मास्तर उठले. कपाटातून चार फायली काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. दोन कागदांवर तीच चार नावं लिहिली, एक कागद मॅनेजरच्या हातात दिला, एक डॉक्टरांच्या. म्हणाले, दोघांकडे आपापली यादी आहे. आता दोघांनी आपापल्या यादीतल्या तिसऱ्या माणसाची फाईल उचला. दोघांचे हात एकाच फायलीवर गेले. ती टेलरकाकांची होती.

डॉक्टरांनी हात आधी मागे घेतला.

"मी हिला सरावाची यादी म्हणून खरी पानं दिली," मास्तर म्हणाले. "हिनं मी सांगितलं तेच केलं. चूक माझी आहे, एकट्याची."

मग मीही उठले. मी म्हटलं, एकट्याची नाही. काकांनी मला आकडा सांगितला होता आणि मी फाईल बघितली नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. नवी तोंडावर वही धरून रडत होती. मॅनेजर मास्तरांकडे बघून म्हणाला, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मास्तरांनी मान हलवली, खरं आहे म्हणाले.

मला सक्त ताकीद मिळाली, सहा महिने नजरेखाली. नवीवरचं सगळं मागे घेतलं. टेलरकाकांच्या घरी डॉक्टर आणि मास्तर दोघं जाऊन सांगून आले. आणि मास्तरांचा सेंटरशी संबंध त्याच क्षणापासून संपला. त्यांनी खुर्चीचं विचारलं. डॉक्टर वाईट माणूस नाहीत, ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बाकीच्या पेशंटच्या घरचे विचारतील, ज्यानं हे केलं त्याची बायको अजून इथे कशी? मॅनेजर म्हणाला, आज सुरू आहे तेवढं पूर्ण होऊ दे.

मी हॉलमध्ये परत आले तेव्हा बाईंची वीस मिनिटं उरली होती. ती संपल्यावर मी सुया काढल्या आणि दोन्ही ठिकाणी कापूस दाबून धरला. दहा मिनिटं धरावा लागतो. बाई नेहमी त्या दहा मिनिटांत माझ्या सासूची चौकशी करायच्या. त्या दिवशी विचारलं, सांगितलं का त्यांनी? मी म्हटलं, सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"काल जेवताना मला म्हणाले, काय करू," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, माझंही पान त्याच यादीत होतं ना? म्हणाले, होतं, टेलरच्या लगेच खाली. मी म्हटलं, तिनं चार नंबर उघडला असता तर तुम्ही कोणाला विचारायला गेला असता?"

मी कापूस दाबून बसले. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"सोमवारी कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

मी विचारून सांगते म्हटलं. मी विचारलं, अगदी पाया पडून विचारलं. अकरा ठिकाणी फोन केले. सगळीकडे एकच, नाव लिहून ठेवतो. तीन तासांवरच्या सेंटरात त्यांना मधूनमधून बोलावायला लागले, पुन्हा पहिल्यासारखं, कोणी आलं नाही तर. पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा जागा मिळाली. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मास्तर त्यांना घेऊन निघाले, आणि गाडीतच त्यांचा श्वास अडकला. आमची खुर्ची सुटल्यापासून बाई एकोणीस दिवस जगल्या.

महिन्यानं मी मास्तरांकडे गेले. दोन खोल्या, आत नको इतकी टापटीप. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा टाकला, दोन कप पुढे केले. बराच वेळ इकडचं-तिकडचं झालं. मग कप खाली ठेवून म्हणाले,

"तू मला त्या दिवशी गप्प बसायला सांगितलं होतंस."

"हो."

"बसलो असतो तर ती आज असती."

पेशंटशी मी रोज खोटं बोलते. बरं वाटेल, दुखणार नाही, लवकर संपेल. ह्या माणसाशी मला खोटं बोलता येईना.

"असती," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खिडकीपाशी गेले, तिथे उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ती पोरगी कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे, सकाळच्या पाळीला असते, चार नंबरची खुर्ची तिच्याकडेच दिली आहे.